आमच्याकडे तो प्रश्नच नाही

या आखाती देशात कोणी म्हातारं होत नाही, असं मला बरीच वर्षं वाटायचं. मॉलमध्ये, मेट्रोत, ऑफिसच्या लिफ्टमध्ये, जिकडे बघावं तिकडे धडधाकट माणसं. मग कळलं की म्हातारे सगळेच होतात, पण त्याआधी त्यांचा व्हिसा संपतो. नोकरी आहे तोवर व्हिसा, व्हिसा आहे तोवर घर. निवृत्तांसाठी हल्ली वेगळा व्हिसा निघालाय म्हणतात. त्याच्या अटी मी मोबाइलवर अर्ध्यापर्यंत वाचल्या आणि चहा करायला उठलो.

मागच्या हिवाळ्यात आमच्या एचआरच्या मुलीने फार गोड आवाजात विचारलं, "सर, एनी प्लॅन्स आफ्टर सिक्स्टी?" मी हसून "इन्शाल्ला, इन्शाल्ला" केलं, आणि घरी येऊन चपला काढता काढता जाहीर केलं, "आपल्याला आता पुण्याचं बघायला हवं."

बायको म्हणाली, "बघा की."

या दोन शब्दांना मी संमती धरलं. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसाला 'बघा' आणि 'बघू' यांतला फरक कळायला हवा होता, पण मला सोयीचं तेवढंच ऐकू येतं.

बायको फिलिपिन्सची, एका लहानशा बेटावरची. इथे नर्स आहे. आमची ओळख झाली तेव्हा मी मुतखड्याने कॉटवर गडाबडा लोळत "आई गं" म्हणून ओरडत होतो आणि ती माझा हात घट्ट धरून शीर शोधत होती. माझी सगळ्यात केविलवाणी बाजू तिने पहिल्याच दिवशी पाहिली, त्यामुळे पुढे फसवणूक झाली असं तिला म्हणता येत नाही. माझ्या आईने आधी अबोला धरला. मग मुलगी झाली तेव्हा बाळंतपणाला म्हणून आली, राहिली, आणि जाताना सुनेच्या गळ्यात पडून रडली. मधल्या काळात तिने सुनेला मराठी शिकवलं. त्यामुळे बायकोचं मराठी हे पेठेतल्या एखाद्या सत्तरीच्या बाईचं मराठी आहे. ती "अगोबाई" म्हणते. ती मला "अहो" म्हणते, आणि त्या एका शब्दाने मला घरात जो हुद्दा मिळाला तो ऑफिसात कधी मिळाला नाही.

मुलगी आता मोठी झाली. मैत्रिणींबरोबर दुबई मरीनात राहते. मराठीत बोललेलं तिला सगळं कळतं आणि उत्तर ती इंग्रजीतच देते.

तर, पुण्याचं बघणं. पुण्याचे बिल्डर दर वर्षी इथे येतात. एखाद्या हॉटेलचा हॉल घेतात, रांगोळी काढतात, सनईची टेप लावतात, आणि आम्ही गावाकडची वरात आल्यासारखे धावत जातो. या वेळी एका स्टॉलवर ज्येष्ठ नागरिकांचं संकुल होतं. पुण्याबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी. काचेच्या पेटीत त्याचं मॉडेल होतं. बागेतल्या बाकावर प्लॅस्टिकचे इवलेसे आजी-आजोबा बसवलेले होते. आजी नऊवारी नेसली होती. मी त्या आजोबांकडे बघत राहिलो. खरं सांगायचं तर मला ते आवडले. निवांत वाटत होते.

बायको ड्यूटीवरून थेट आली होती, काळी पँट आणि पांढरा शर्ट घालून. पाय दुखताहेत म्हणाली आणि मागच्या बाजूला खुर्चीवर जाऊन बसली.

स्टॉलवरचा तरुण पुण्याचाच होता. माझं आडनाव ऐकल्यावर त्याचा चेहरा खुलला.

"काका, मग तर तुम्ही अगदी आपलेच! हे बघा, डॉक्टर चोवीस तास, देऊळ आतच, बाथरूममध्ये धरायला दांडे, सकाळी योगा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे संकुल पूर्ण शाकाहारी आहे. नुसती मेस नाही, फ्लॅटमधल्या किचनमध्येसुद्धा नॉनव्हेज अलाऊड नाही. कमिटी फार स्ट्रिक्ट आहे. अर्थात काका, तुमच्याकडे तो प्रश्नच नाही!"

मी म्हणालो, "छे छे! आमच्याकडे तो प्रश्नच नाही."

हे मी कसं म्हणालो ते सांगतो, कारण शब्दांपेक्षा ते वाईट होतं. मी हसून म्हणालो. आपल्या माणसाने आपल्याला ओळखलं की येतं तसं हसू आलं मला. ज्याच्या घरी आठवड्यातून चार दिवस मासे तळले जातात, जो स्वतः आईच्या फोटोकडे पाठ करून ऑम्लेट खातो, तो गृहस्थ त्या पोराकडून सोवळ्याचं प्रशस्तिपत्र घेऊन खूश झाला होता.

तेवढ्यात बायको कागदी कपांत दोन चहा घेऊन माझ्या मागून पुढे आली. तिने एक कप माझ्या हातात दिला. पोराने तिच्याकडे एकदा बघितलं, तिची पँट, तिचा शर्ट, तिचा चेहरा, आणि अतिशय नम्रपणे हिंदीत म्हणाला, "दीदी, प्लीज, एक पानी मिलेगा?"

इथे मी बोलायला हवं होतं. 'ही माझी बायको' एवढंच. पण माझ्या डोक्यात काय चाललं होतं? ही बायको म्हटलं की मग ही काय खाते हे आलं, मग कमिटी आली, मग तो आत्ताच खुललेला चेहरा पडणार. मी चहाचा घोट घेतला. चहा भयंकर गरम होता, तो मी शांतपणे गिळला.

बायको माझ्याकडे बघत होती. मग ती वळली आणि पाणी आणायला गेली.

पोरगा पुढे बोलत होता, बाल्कनीतून सूर्योदय वगैरे. ती पाण्याची बाटली घेऊन परत आली, ती त्याच्यासमोर ठेवली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "घ्या दादा, पाणी. फार बोलावं लागतं नाही तुम्हाला?" मग माझ्याकडे वळून, "अहो, आटपलं का तुमचं? बांगडे सकाळीच फ्रीजरमधून खाली काढून ठेवलेत मी."

त्या पोराचा चेहरा मी वर्णन करणार नाही. त्याची काहीच चूक नव्हती. या शहरात हॉटेलांत, दुकानांत, सगळीकडे तिच्या देशाच्या मुली काम करतात. तो बिचारा "सॉरी मॅडम, सॉरी काकू" म्हणत उभा राहिला. सॉरी म्हणायचं काम त्याने केलं. मी ब्रोशर उचललं.

गाडी तीच चालवते. माझ्या चालवण्यावर तिचा विश्वास नाही. पुलावर ट्रॅफिक तुंबला होता. मी माझा नेहमीचा उपाय काढला, म्हणजे विनोद.

"बघ, इतकी तरुण दिसतेस की त्याला वाटलं कामाला असशील. मला कोणी काम देणार नाही आता."

ती हसली नाही. मी विनोद खाली ठेवला आणि म्हणालो, "चुकलं माझं. पाण्याच्या वेळी मी बोलायला हवं होतं."

"पाण्याचं काय एवढं?" ती म्हणाली. "माझ्या दोन मावसबहिणी हॉटेलात आहेत. पाणी देणं वाईट काम आहे का? लेक लहान होती तेव्हा बागेत सगळ्या बायका मला तिची आया समजायच्या. मी घरी येऊन सांगायची आणि तुम्ही हसायचात. मीपण हसायची. पाण्याचं सोडा हो."

"मग?"

"त्याच्या आधीचं. मी मागेच उभी होते."

पुढची गाडी हलली. मागच्याने हॉर्न दिला. ती गाडी पुढे घेऊन काही बोलेल याची मी वाट बघत होतो आणि तिने बोलूच नये असंही वाटत होतं.

"तिथे मी मरेपर्यंत राहायचं ना?" ती म्हणाली. "मी काय रांधणार, काय खाणार, हे तुम्ही सांगून टाकलंत. आणि काय सांगितलंत, तर प्रश्नच नाही. माझा प्रश्नच नाही."

ती रागावली असती तर मला बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाची समजूत काढता येते. ती नुसती थकून बोलत होती, वॉर्डातल्या पेशंटला रिपोर्ट समजावून सांगावा तशी.

घरी आल्यावर मुलीचा फोन आला. आईने तिला काय सांगितलं ठाऊक नाही. मला म्हणाली, "बाबा, डिड यू इव्हन आस्क हर?"

"अगं, विचारलं होतं. ती 'बघा' म्हणाली."

"बाबा." एवढंच म्हणाली आणि फोन आईला द्यायला सांगितलं.

आत बांगडे तळले जात होते. ताज्या मासळीला आमच्या स्वयंपाकघरात परवानगी आहे. परवानगी, हा शब्द मी आत्ता लिहिताना पाहिला. सुक्या मासळीला मात्र नाही. ती तिच्या गावाकडची छोटी खारवलेली मासळी असते, इथल्या सतवा भागातल्या फिलिपिनो दुकानातून आणते. तिचा वास मला सोसत नाही म्हणून लग्नानंतर लवकरच ठरलं की ती बाल्कनीत तळायची. ठरलं म्हणजे मी ठरवलं. मी स्वतः जाऊन विजेची शेगडी आणली होती. ऑगस्टमध्ये, जेव्हा बाल्कनीचा दरवाजा उघडला की तोंडावर भट्टी उघडल्यासारखं होतं, तेव्हा ती मानेवर ओला नॅपकिन टाकून तिथे उभी राहायची आणि मी आतून काच सरकवून घ्यायचो. एसी बाहेर जाऊ नये म्हणून, असं म्हणायचो.

आणि हेच मी इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या पिकनिकला मित्रांना सांगत आलो. "आमच्या घरात बाबा पूर्ण स्वातंत्र्य! तिचं ती खाते, माझं मी खातो." मित्र म्हणायचे, मानलं तुला. मी मान लववून ते घ्यायचो. म्हणजे त्या स्टॉलवर मी काही नवीन बोललो नव्हतो. फक्त या वेळी काच सरकवलेली नव्हती आणि तिला ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या पोराला फोन लावला. बायको समोर बसून लसूण सोलत होती, म्हणून मुद्दाम स्पीकरवर लावला. हाही दिखाऊपणाच, पण असो.

"काका! बोला ना!"

"हे बघ, काल मी तुला खोटं सांगितलं. आमच्याकडे मासे होतात. ती काल पाणी घेऊन आली होती ती माझी बायको."

"हो काका, मग कळलं मला. फार लाजलो मी. पण काका, टेन्शन नका घेऊ, मॅनेज होतं. बरेच लोक बाहेर जाऊन खातात. घरात नाही केलं म्हणजे झालं. या वयात लागतं तरी किती?"

आणि मी, देवाशपथ सांगतो, एक क्षण 'बरोबर आहे' म्हणणार होतो. मला ते वाजवी वाटलं. डोळ्यांसमोर तो बाकावरचा आजोबा आला. मग लसूण सोलायचा आवाज थांबला.

"नको," मी म्हणालो. "खलास. आमचं नाव काढून टाक."

"ठीक आहे काका. पण आधी सांगायचंत ना."

"हो रे," मी म्हणालो. "आधीच सांगायला हवं होतं."

बायकोने काही शाबासकी दिली नाही. ती पुन्हा लसूण सोलायला लागली. मला वाटलं होतं आता निदान चहा मिळेल.

रविवारी चर्चमधून आल्यावर ती तिच्या थोरल्या बहिणीला व्हिडिओ कॉल करते. मी सहसा त्या वेळी पेपर घेऊन आत जातो. त्या दिवशी बसून राहिलो. पलीकडे बहीण तिच्या ओसरीवर बसलेली, मागे केळी, कोंबड्या. दोघी भराभर बोलत होत्या. मध्येच बहिणीने माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं.

"काय म्हणतेय?"

"विचारतेय, मूग चालतील ना त्यांना, का तूरडाळच लागते. मूग तिथे घरोघरी शिजतात. तुरीसाठी शहरातल्या एका पंजाबी दुकानदाराला सांगून ठेवलंय, म्हणाली."

"आता? लगेच विचारलंस तिला?"

"आता नाही हो. झाली काही वर्षं. मीच म्हटलं होतं चौकशी करून ठेव. कधी तिकडे राहायची वेळ आली तर तुमचे हाल नकोत."

"मला बोलली नाहीस कधी."

"तुम्ही पुण्याचं म्हणत होता."

समुद्रापलीकडे एक बाई माझ्या वरणाची व्यवस्था करून वाट बघत होती, आणि मी तिच्या गावाला आजवर गेलो ते आठवडाभरापुरता, तेही थेपल्यांचे डबे बरोबर घेऊन. एवढ्या वर्षांत तिथे म्हातारं होता येईल असं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. आत्ताही आलं तेव्हा पहिला प्रश्न मनात आला तो असा, की तिथे मराठी माणसं असतील का.

बहिणीने पुन्हा काही विचारलं. बायकोने ते मला सांगितलं नाही. पण दोघी माझ्याकडे बघत होत्या, त्यावरून कळलं की उत्तर मी द्यायचं होतं.

"मूग चालतील म्हणून सांग तिला," मी म्हणालो.

"तुम्हीच सांगा." तिने फोन माझ्यासमोर धरला.

त्या भाषेतलं एक सरळ वाक्य मला येत नव्हतं. मी स्क्रीनकडे वाकलो आणि बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं ओरडून म्हणालो, "मूग गुड! व्हेरी गुड!" वर अंगठाही दाखवला.

पलीकडे बहीण खळखळून हसली आणि आतल्या लोकांना हाका मारायला लागली. एकेक जण ओसरीवर येऊन स्क्रीनमध्ये डोकावू लागला. माझे कान तापले होते. बायको हसली नाही, पण तिने फोन माझ्यासमोरून काढलाही नाही.