कोऱ्या कार्डावरच्या सह्या

आमच्या ह्यांना गॅरेजात सगळे जमदग्नी म्हणतात. पाठीमागे नाही, तोंडावर. "निदान ऋषी तरी म्हणतात," असं म्हणून हे पुन्हा पाना हातात घेतात. एकोणतीस वर्षं एकाच गॅरेजात गेली. थोरले मालक होते तेव्हा लागले, आता त्यांचा मुलगा बघतो.

राग कशाचाही येतो. पाना जागेवर नाही, राग. कुणी गिअरबॉक्सचं भरायचं बूच न उघडता आधी खालचं उघडून तेल सांडलं, मग तर विचारूच नका. "वरचं सुटतंय का ते आधी बघ! ते अडकलं तर नवं तेल काय फुंकून आत घालणार?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की मलाही आता गिअरबॉक्सचं तेल बदलता येईल. जुनं तेल हे बोटांवर चोळून बघतात, हुंगतात, चुरा लागतोय का पाहतात. मग भरायच्या भोकातून नवं तेल ठिबकायला लागेपर्यंत भरायचं आणि बूच लावायचं.

त्यानंतरची एक सवय मात्र ह्यांची एकट्याची. बूच आवळलं की बूच आणि शेजारचं लोखंड यांच्यावरून नेलपॉलिशची एक रेघ ओढायची. बूच कुणी फिरवलं तर रेघ तुटते. माझ्या बहिणीने मला लाल नेलपॉलिश दिलं होतं. मी काही नखं रंगवत नाही, ती बाटली ह्यांनी नेली. तीन वर्षांपूर्वी ती संपली तेव्हा स्वतः दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, "वहिनी गोऱ्या की सावळ्या? त्याप्रमाणे रंग देतो." हे म्हणाले, "लोखंडी." तेव्हापासून रेघ जांभळी.

नर्सबाईंची गाडी आली त्या दिवशी हे चष्मा घरी विसरले होते. तो द्यायला मी गॅरेजात गेले म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

नर्सबाई ह्यांच्या जुन्या गिऱ्हाईक, आता निवृत्त आहेत. त्यांच्या बहिणीला चालता येत नाही, तिला घेऊन सगळीकडे ह्याच जुन्या गाडीतून जातात. आठवड्याभरापूर्वी वळणावर स्टिअरिंग कण्हलं आणि जड होऊन बसलं. गाडी कठड्याला घासत गेली. बहीण शेजारीच बसलेली होती. थोडक्यात निभावलं.

बाईंनी गाडीच्या कामांचं कार्ड ह्यांच्यासमोर धरलं. "मागच्या वर्षी गिअरबॉक्सचं तेल बदललं. स्टिअरिंगचं तेल बदललं. खाली सही. तुमचीच ना, मिस्त्री?"

ह्यांनी चष्मा लावला. सही ह्यांचीच होती.

"तुमच्या नावावर विसंबून इथे येते मी," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं.

ह्यांनी बाईंच्या हातातून किल्ली घेतली. गाडी वर चढवली. स्टिअरिंगच्या तेलाच्या डबीचं झाकण काढून कागदाची घडी आत बुडवली. लालभडक असायला हवं ते तेल काजळीसारखं काळं, जळक्या वासाचं. मग बॅटरी पेटवून गाडीखाली गेले आणि तिथूनच ओरडले, "बाई, इकडे या! अगं, तूही ये!"

आम्ही दोघी वाकून बघायला लागलो. गिअरबॉक्सच्या दोन्ही बुचांवर रेघ होती. लाल. अखंड. तीन वर्षांपूर्वी संपलेल्या बाटलीची.

"ह्याला कुणी हातसुद्धा लावला नाही," हे म्हणाले. मान, कान, सगळं लाल झालं होतं. तसेच मालकाच्या काचेच्या खोलीत शिरले. दार लावायची ह्यांना सवय नाही, त्यामुळे आख्ख्या गॅरेजाने ऐकलं.

"हे कुणी केलं?"

"मिस्त्री, आवाज खाली. गर्दीचे दिवस होते. वरवर बघून सोडली असेल. जुनी गाडी, चालतं."

"चालतं? सही माझी आहे त्यावर!"

"मग? तुम्हीच केलीय की."

खरंच ह्यांनीच केली होती, तीच तर गोष्ट. दर सोमवारी सकाळी, कामाला हात लावण्याआधी, हे आठवड्याची कोरी कार्डं घेऊन बसत आणि सगळ्यांवर सह्या करून ठेवत. का, तर नंतर हात तेलकट होतात, कार्ड मळतं. थोरल्या मालकांच्या वेळेपासूनची रीत. त्यांच्या काळात त्या कार्डांवर खोटं काही लिहिलं गेलं नाही, म्हणून कुणाच्या मनात कधी आलंच नाही.

हे बाहेर आले, बाईंना खरं ते सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पेशंटला गोळी दिल्याशिवाय तक्त्यावर सही करायची नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात."

त्यांनी एक थोबाडीत मारली असती तर एवढी लागली नसती.

दोन्ही तेलं ह्यांनी त्याच दुपारी बदलली. पुढची चाकं अधांतरी ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहिले, आतली हवा निघेस्तोवर. रागाने इतकं गरागरा फिरवत होते की मीच म्हटलं, "अहो, उपटून हातात येईल." 

मी रोज देवापुढे हात जोडते तेव्हा ह्यांचा राग कमी कर, एवढंच मागते. त्या संध्याकाळी म्हटलं, देवा, आजचा राहू दे. कारण मलाही आला होता. एकोणतीस वर्षं ज्या माणसाने रेघेशिवाय बूच सोडलं नाही, त्याचं नाव हे लोक रबरी शिक्क्यासारखं वापरत होते. आणि शिक्का ह्यांनीच त्यांच्या हातात दिला होता. त्याचा मला जास्त राग आला. घरी आल्यावर तसं बोललेही. हे म्हणाले, "बोल. आणखी बोल."

दुसऱ्या दिवशी ह्यांनी वर्षभराच्या कार्डांच्या गॅरेजातल्या प्रती मागितल्या. मालक म्हणाला, नोकरी करायची आहे ना? हे म्हणाले, "करायची आहे. म्हणून तर मागतोय." मालकाला माहीत होतं, हे गेले तर निम्मी गिऱ्हाइकं पाठोपाठ जातील. प्रती मिळाल्या. पाच महिने हे एकेक गाडी परत बोलावून खाली शिरत होते. सात गाड्यांवर जुनी लालच रेघ निघाली.

आता सही काम झाल्यावर. हात न पुसता. मालक कुरकुरतो, "कार्डं काळी होतात, मिस्त्री. बरं दिसत नाही."

"गोरी होती तेव्हा काय दिवे लावले?"

परवा नर्सबाई पुन्हा आल्या होत्या. काम झाल्यावर ह्यांनी डागाळलेलं कार्ड पुढे केलं. बाईंनी ते न वाचताच पर्समध्ये टाकलं आणि स्वतःची बॅटरी काढून गुडघ्यावर हात ठेवत गाडीखाली वाकल्या. जांभळी रेघ शोधायला. बॅटरी मग ह्यांनीच धरली.

घरी येऊन सांगत होते. मी विचारलं, "राग आला?"

"आला. पण त्यांचा नाही," म्हणाले आणि हात धुवायला गेले.