डावं-उजवं

टीव्हीवर हल्ली पगारी संघांचे कबड्डीचे सामने लागतात. सामन्याआधी कोट घातलेले दोघेजण बसून कोणाचा बचाव भक्कम, कोणाचा उजवा कोपरा कच्चा, यावर बोलतात. ‘उजवा कोपरा’ हे शब्द कानावर पडले की मी खुर्चीत बसल्या बसल्या स्वतःचा उजवा हात वर करून पाहतो. घरात मला बघणारं कोणी नाही, म्हणून बरं. या सवयीमागे एक गोष्ट आहे. ती मी कोणालाच सांगितलेली नाही, आणि ती ठाऊक असलेला दुसरा माणूस बहुधा आता नाही.

पन्नासच्या दशकात मी घाटकोपरला एका लांबच्या नातेवाइकांकडे पोटभाडेकरू म्हणून राहत होतो. सरकारी कचेरीत कारकून. आई-वडील गेलेले. कचेरीतून आलो की घरात माझी अडचण व्हायची. कोणी तसं बोलत नसे, पण मी आलो की बायका पाय आवरून घेत. म्हणून मी संध्याकाळी बाहेर पडायचो आणि मिठागरांच्या बाजूला जे हुतुतूचं मैदान होतं तिथे जाऊन बसायचो. तेव्हा आम्ही अजून हुतुतूच म्हणायचो.

लोक चढाई बघायला येत. दम धरून एकटा गडी समोरच्या सातांत शिरतो, त्याच्याकडे सगळ्यांचे डोळे. मला मात्र ते सात जण बघायला आवडायचं. कोण कोणाकडे बघतो, कोणाचा हात कोणाच्या हातात आहे, कोण आधी हलतो. मी एक वही केली. प्रत्येक संघाला एक पान, पानावर सात वर्तुळं आणि खाली चार ओळी. मुलुंडच्या संघाची साखळी बंद दारासारखी, पण दोन्ही कोपरे, म्हणजे टोकांचे गडी, झोपाळू. अंधेरीवाले मुद्दाम मध्य मोकळा ठेवायचे, पाहुण्याला आत येऊ द्यायचे आणि मग पाठीमागून वाट बंद करायचे. बोरिवलीचे सातही पैलवान, पण सात घरचे सात. एकाने पकडलं की बाकीचे बघत उभे. आमच्या घाटकोपरच्या संघाची साखळी बेताची होती. आमचं सगळं एका कोपऱ्यावर चालायचं.

मी बसायचो विहिरीच्या कठड्यावर, मैदानाच्या एका टोकाला. गर्दी दोन्ही बाजूंना असायची. तिथे कोणाच्या तरी ओळखीने, कोणाच्या तरी खांद्याला खांदा लावून बसावं लागे. विहिरीकडे कोणी नसे. शिवाय तिथून पकड करणाऱ्यांचे चेहरे समोर दिसत. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलत, तेव्हा मीही वही उचलून दुसऱ्या टोकाला जायचो. पोरं हसत. “काय तलाठीबुवा, आज कोणाच्या सातबाऱ्यावर काय चढवलंत?”

वहीबद्दल नीट विचारणारा एकच निघाला. आमचा उजवा कोपरा. मालवणकडचा, बुटका, लाकडाच्या वखारीत ओंडके वाहणारा. समोरचा गडी कितीही चपळ असो, याने खाली बसून घोटा धरला की तो घोटा त्याचा. मग साखळी येऊन अंगावर पडायची आणि टाळ्या साखळीला मिळायच्या. एकदा सामना संपल्यावर तो ओल्या मातीच्या पायांनी कठड्यावर येऊन बसला.

“काय लिवतंस रे एवढा?”

मी पान दाखवलं. त्याने बोट ठेवून स्वतःचं वर्तुळ शोधलं आणि हसला.

“माका डावीकडे कित्याक काढलंस? मी उजवीकडे उभो रवतंय.”

“मी समोरून बघतो ना. मला तू डावीकडे दिसतोस.”

“म्हणजे तू आमका आरशात बगतंस!”

ती आमची थट्टाच होऊन गेली. वहीत तो कायम ‘डावा कोपरा’ राहिला. मी बदललं नाही, कारण वही माझी एकट्याची होती आणि मला वाचताना काही अडत नव्हतं. तो दर रविवारी यायचा. “आज आरशात कसो दिसलंय?” असं विचारायचा आणि मी त्याला त्याच्यावरच्या ओळी वाचून दाखवायचो. त्या शहरात माझ्या शेजारी आपणहून येऊन बसणारा तो एकटाच होता. त्याची बायको गावी, सासू-सासऱ्यांजवळ. हा वखारीतच झोपायचा. कुठल्यातरी गिरणीच्या संघात लागलो तर नोकरी मिळेल, नोकरीबरोबर खोली मिळेल, एवढं एकच त्याचं बोलणं. “खोली गावली की तिका हाडतलंय,” म्हणायचा. खोली मिळाली की तिला घेऊन येईन. हे तो इतक्यांदा बोलला होता की मला ती बाई पाहिल्यासारखी वाटायची.

गिरण्यांचे संघ तेव्हा खेळाडूंना नोकरीवर घ्यायचे. एका गिरणीच्या संघाला कोपऱ्याचा माणूस हवा होता. त्यांचे व्यवस्थापक आमचा एक सामना बघून गेले. आमचे दोन्ही कोपरे त्या दिवशी बरे खेळले, त्यामुळे त्यांचा निर्णय होईना. तेव्हा आमचा संघ चालवणाऱ्या मंडळाचे चिटणीस त्यांना म्हणाले, “आमच्याकडे एक मनुष्य आहे. सगळ्या संघांचं डावं-उजवं काढून ठेवलंय त्याने.”

माझ्याकडे नक्कल मागितली गेली. मी दोन दिवस खपून, चांगल्या कागदावर, कचेरीतल्या अक्षरात लिहून काढली. वर्तुळं काढली नाहीत; चित्रं पोरकट दिसतील असं वाटलं. फक्त ओळी उतरवल्या. आमच्या संघाखाली वहीत होतं तेच लिहिलं: ‘डावा कोपरा: घोट्याची पकड. एकदा धरलेला पाय सोडत नाही. साऱ्या उपनगरांत तोड नाही. उजवा कोपरा: ऐटदार, पण गडी अचानक वळला की अर्धं पाऊल मागे घेतो.’

त्यानंतरच्या रविवारी मंडळाच्या खोलीत सगळे जमले होते. व्यवस्थापकांनी माझा कागद काढला आणि मोठ्याने वाचला. “डावा कोपरा. साऱ्या उपनगरांत तोड नाही. तुमच्याच माणसाने लिहिलंय. मग झालं तर! डावा आमचा.”

आमचा खराखुरा डावा कोपरा म्हणजे एक उंच, देखणा, मनमिळाऊ तरुण. सगळ्यांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. “झकास रे! नशीब काढलंस!” तो बावरून हसत होता. दाराजवळ उजवा उभा होता. तो माझ्याकडे बघत होता.

मला कळायला क्षणही लागला नाही. ‘साहेब, ते उलटं वाचा’, एवढंच म्हणायचं होतं. मी तोंड उघडलंही. तेवढ्यात चिटणीसांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “याच्या नजरेतून काही सुटायचं नाही.” सगळे माझ्याकडे बघायला लागले. थट्टेने नाही, आदराने. कोणीतरी बाकावर सरकून मला जागा दिली. मी बसलो. तो हात माझ्या खांद्यावरून निघू नये म्हणून मी गप्प राहिलो. दुसरं कोणतंही कारण मी आजवर शोधू शकलेलो नाही, आणि शोधून बघितलं आहे.

संध्याकाळी तो विहिरीवर आला. बसला नाही.

“चुकान झाला काय रे? की मुद्दाम?”

तेव्हाही वेळ गेलेली नव्हती. व्यवस्थापकांचं पत्र यायला चार दिवस होते. मी म्हणालो, “मला जसं दिसलं तसं लिहिलं.”

त्याने माझ्या हातातल्या वहीकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, “मगे बरोबर. दिसला ता लिवलंस.”

आरशाची गोष्ट त्याला ठाऊक होती. मंडळाच्या खोलीत परत जाऊन तो सांगू शकला असता, वही मागवून दाखवू शकला असता. त्याने कोणालाच सांगितलं नाही. मी त्याच्या हातातून सुटलो, पण मी निसटलो नव्हतो. त्यानेच सोडलं.

तो हंगाम तो आमच्याकडून खेळला. कठड्यावर आला नाही. मीही आता तिथे बसत नव्हतो. मला गुणलेखकाशेजारी खुर्ची मिळाली होती, मंडळाच्या बैठकीला बोलावणं यायचं. खुर्चीवर माझ्याशी सगळे बोलत आणि माझ्याजवळ कोणी नसे. पुढच्या हंगामाला तो दिसला नाही. वखारीत विचारलं, तर म्हणाले, “तो गावाक गेलो. आता तिकडेच.” मी पत्र लिहायला बसलो आणि कळलं की त्याच्या गावाचं नाव मला माहीत नाही. तो नेहमी ‘आमचो गाव’ म्हणायचा. खाली बसताना त्याचा कोणता गुडघा आधी वाकतो हे माझ्या वहीत होतं. गाव नव्हतं.

गिरणीत गेलेला डावा तिथे बरा खेळला, बरीच वर्षं नोकरी केली. त्याला खोली मिळाली. या सगळ्यात त्याचा दोष नाही आणि त्याला कधी काही कळलंही नाही.

वही माझ्याकडे आहे. या आठवड्यात मी आमच्या संघाचं पान उघडलं. जुन्या ओळी खोडल्या नाहीत. शेजारच्या कोऱ्या पानावर सात वर्तुळं पुन्हा काढली. या वेळी त्यांच्या पाठीमागे बसल्यासारखी, जिथून त्यांचं उजवं ते माझंही उजवं होतं. आता वर्तुळं गोल येत नाहीत. खाली लिहिलं:

उजवा कोपरा: घोट्याची पकड. एकदा धरलेला पाय सोडत नाही. साऱ्या उपनगरांत तोड नाही. गिरणीच्या संघातली जागा याची होती. खोलीही.