तळातलं शीत
भात करपल्याचा वास आला की मला मुळशीतली एक चूल आठवते. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. ग्रामपंचायतीला उभ्या राहिलेल्या एका माणसासाठी मी वीस घरांचा कौल घेऊन त्याच्या घरी आलो होतो. बारा त्याच्या बाजूची. “तीन घरं फिरली तरी पारडं उलटेल,” मी चाचरत म्हणालो. “गुर्जी, निवडून येतोय का न्हाई, तेवढं सांगा!” तो म्हणाला. माझी बदली त्याच्या हातात होती. चुलीपाशी त्याच्या आईनं शीत चेपलं. “वरचं शिजलंय. पर गुर्जी, डोंगरावरच्या वस्तीत गेल्ता का?” मी सडकेलगतचीच घरं केली होती. “गेलो होतो,” मी म्हणालो आणि त्याच्याकडे वळलो, “येताय निवडून.” त्यानं गुलाल मागवला. म्हातारीनं उलथनं तळापर्यंत घातलं, करपलेलं शीत काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. निवडणुकीत तो पडला. माझा तळहात अजून भाजतो.