मिठाच्या बादलीवर पाळत

दूधवाल्याच्या पिशवीतलं दूधही उजेडात धरून बघणारा मी माणूस. माशांच्या टाकीच्या पाण्याचा खारेपणा चुकायला लागल्यावर पहिला संशय मिठाच्या दुकानदारावर गेला, यात नवल नाही.

नवीन पनवेलच्या आमच्या फ्लॅटमध्ये समुद्री माशांची काचेची टाकी आहे. आत दोन मासे आणि एक जिवंत प्रवाळ. आणलं तेव्हा बोटाच्या पेराएवढं होतं, आता तळहाताएवढं झालंय. दर शनिवारी दुपारी मी बादलीभर फिल्टरच्या पाण्यात डब्यातलं तयार समुद्री मीठ तोलून घालतो आणि छोटा पंप लावून ते रात्रभर घुसळत ठेवतो. रविवारी सकाळी त्यातला एक थेंब खारेपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकायचा, एक डोळा मिटून ती नळी खिडकीकडे धरायची आणि आकडा वाचायचा. पस्तीस आला की पाणी टाकीत.

पण हल्ली पस्तीस येईना. कधी सदतीस, कधी अडतीस. साधं पाणी घालून मी तो उतरवत होतो, तरी प्रवाळ अंग चोरायला लागलं. एका कडेला त्याचं पांढरं हाड दिसायला लागलं. हे मेलं असतं तर दुसरं आणायची माझी हिंमत नव्हती.

दुकानदाराला फोन केला तर तो आईची शपथ घ्यायला लागला, आणि शपथ घेणाऱ्यावर माझा आधीच विश्वास नाही. मग वजनकाटा तपासला, रिफ्रॅक्टोमीटर तपासला. दोन्ही खरे निघाले. बायकोला विचारलं, तिने कोपरापासून हात जोडले. एका रविवारी पंपाच्या जाळीत मोहरीचा दाणा सापडला. काखेत कळसा नि गावाला वळसा!

पुढच्या शनिवारी तिन्हीसांजेला फिरायला जातो म्हणून निघालो आणि जिन्यातूनच परत आलो. सासूबाई टाकीसमोर उभ्या होत्या. त्या उरणकडच्या, मिठागरवाल्यांच्या घरातल्या. आता आमच्याकडेच असतात. मुठीत गावाकडचं खडेमीठ आणि मोहरीचे चार दाणे घेऊन त्या चक्क टाकीची दृष्ट काढत होत्या. ओवाळून झाल्यावर त्यांनी मूठ माझ्या बादलीत सोडली. दृष्टीची मीठ-मोहरी गॅसवर टाकली की मला ठसका लागतो, म्हणून मीच मागे घर डोक्यावर घेतलं होतं.

मी हे काय म्हणून विचारलं. त्या जराही दचकल्या नाहीत.

"खाऱ्यात खारा गेला, त्यात काय झाला?" त्या म्हणाल्या. "त्याला नजर लागली हाय."

आमच्या घरी येतंच कोण नजर लावायला, मी म्हणालो. तरी मनातल्या मनात शेजाऱ्यांची हजेरी घेऊन झाली.

"भायेरच्याची नाय, जावईबापू. ज्याचा जीव जास्त, त्याचीच लागते. सकाल-संध्याकाल डोले वटारून तुमीच तं बघता."

मला राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली. बादली मोरीत ओतली, नवं पाणी केलं. सासूबाई आता दृष्टीचं मीठ वेगळ्या तांब्यात सोडतात. आकडा पस्तीस येतो आणि प्रवाळ हळूहळू अंग पसरतंय. तसं बायको सांगते. मी त्याच्याकडे फार वेळ बघत नाही.