खो मिळण्याआधी मी का उठलो

मोबाईलवर विन्याचं नाव दिसलं आणि मी फोन कापला. दीड वर्ष बोलणं नव्हतं, आता याला काय माझी आठवण आली! पुन्हा वाजला तेव्हा उचलून ओरडलो, “धंद्याच्या वेळेला डोकं खाऊ नकोस.” पलीकडे त्याची मुलगी होती. “काका, मी मुग्धा... बाबा गेले. सकाळी चहा पिता पिता.” समोरचं गिऱ्हाईक पडद्याच्या कापडाचा भाव पाडत होतं. ते म्हणालं त्या भावाला मी कापड देऊन टाकलं. महिना होत आला, अजून डोकं ठिकाणावर नाही.

विन्या, म्हणजे विनायक, परळला महापालिकेच्या शाळेत चित्रकलेचा मास्तर. लालबागच्या एकाच चाळीत आम्ही वाढलो, शाळेच्या एकाच संघातून खो-खो खेळलो. मी दादरच्या फुटपाथवर कापडाचे तुकडे विकत विकत दुकानापर्यंत पोचलो. तो मुलांसाठी खेळांची चित्रपुस्तकं काढू लागला. पळणारी, पडणारी, धापा टाकणारी पोरं... पण कप कोणालाच मिळायचा नाही. “शेवटच्या पानावर तरी जिंकव की कोणाला,” मी सांगायचो, “हरणाऱ्या पोराचं पुस्तक कुठले आईबाप घेतील?” तो म्हणायचा, “तू पडदे विक रे.”

मग एका पुस्तकात त्याने मलाच काढलं. हेच कान, ह्याच जाड भुवया. शाळेच्या फायनलला मी खो मिळण्याआधीच उठलो, फाऊल झाला, हातात आलेला गडी सुटला आणि आम्ही हरलो, ते सगळं. शेवटी बाई त्या पोराला म्हणतात, “असू दे, तू जीव तोडून खेळलास.” दुकानात आईबरोबर आलेली एक चिमुरडी मला निरखून म्हणाली, “तुम्ही तो घाई करणारा मुलगा ना?” नोकर फिदीफिदी हसले. त्याच संध्याकाळी विन्या आला, त्याला सगळ्यांसमोर झापला. “चाळीस वर्षं लोकांनी हेच ऐकवलं, आता तू छापून वाटतोस?”

“बंड्या, पोरांचा सगळ्यात लाडका तूच आहेस रे!”

“चालता हो.”

गेला... तो गेलाच.

परवा त्याच्या घरी गेलो. टेबलावर नव्या पुस्तकाचे कागद तसेच पसरलेले, वाट्यांत रंग सुकलेले. एका कागदावर तोच मुलगा, खो-खोच्या चौकोनात पाठ करून बसलेला. त्याच्या मागची जागा कोरी. कडेला पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘बंड्या का उठला? इतक्या वर्षांत विचारलंच नाही. विचारणे.’

मी तो कागद मुग्धापुढे धरला.

“का उठला होतात, काका?” मुग्धाने विचारलं.

आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. न विचारता सांगितलं असतं तर सबब वाटली असती. तिला म्हटलं, “तुझा बाप माझ्या मागून धावत येत होता. त्याला दमा. मला दिसत नव्हतं, पण त्याच्या छातीची शिटी ऐकू येत होती. एकदम ती थांबली... मला वाटलं, हा पडला.”

“आणि पडले होते?”

“नाही गं. उठून वळलो तर ‘खो’ म्हणायला श्वास घेत होता. हात माझ्या पाठीपासून वीतभर लांब होता.”