मास्तरांची तेलाची कुपी

"एक थेंब. बस." एवढं म्हणून मास्तर कुपी बंद करत, अंगठ्याने झाकण दाबून बघत आणि मगच ती खिशात टाकत.

ते भिवंडीत लूम, म्हणजे कापड विणायचे यंत्रमाग, दुरुस्त करायचे, म्हणून चाळीत सगळे त्यांना मास्तर म्हणत. शाळेत शिकवणारा मी, पण मी नुसता 'सर'. लूममध्ये तेल जास्त पडलं की कापडाला डाग, आणि डाग पडला की शेठची बोलणी. त्यामुळे त्यांचा हात आखडला तो कायमचाच.

सुताच्या दुकानावरच्या हॉलमध्ये आमच्या ख्रिस्ती मंडळीची उपासना भरते. मास्तर मंडळीतले वडील, म्हणजे कारभार बघणाऱ्या जाणत्यांपैकी एक, म्हणून अभिषेकाच्या तेलाची कुपी त्यांच्याकडे. आजाऱ्यासाठी प्रार्थना असली की ते आमच्या धर्मगुरूंच्या, पाळकसाहेबांच्या, बोटावर जेमतेम थेंब सोडत आणि पाळकसाहेब तो आजाऱ्याच्या कपाळाला लावत. आम्ही गालातल्या गालात हसायचो. तुमच्याही ओळखीत असा एखादा चिकट माणूस असेल. पण मास्तर चिकट नव्हते हो, चहा पाजायला कायम पुढे. हात आखडायचा तो फक्त तेलाशी.

एका रविवारी पाळकसाहेबांनी बायबलमधल्या त्या बाईची गोष्ट सांगितली. तिने महागाचं सुगंधी तेल प्रभूवर सगळंच्या सगळं ओतलं, आणि लोक नासाडी म्हणून तिच्यावर चिडले. जिना उतरताना मास्तर म्हणाले, "सर, खरं सांगू? मी तिथं असतो ना, तर मीपण वरडलो असतो."

"ते काय सांगायला पायजे?" मागून त्यांच्या बायकोने, आमच्या काकूंनी, टोला हाणला.

पुढे काकू अंथरुणाला खिळल्या. पाळकसाहेब गावाला गेलेले, म्हणून मास्तरांनीच प्रार्थना केली आणि काकूंच्या कपाळाला थेंब टेकवला. मी शेजारीच होतो.

"अहो, मी काय लूम हाय?" काकू म्हणाल्या. "जरा हात सैल सोडा की. बरं वाटतंय."

"उशीला डाग पडंल," मास्तर सवयीने बोलून गेले. मला हसू आलं. काकूही हसल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

त्याच आठवड्यात त्या गेल्या.

शवपेटी बंद करायच्या आधी मास्तरांनी सगळी कुपी काकूंच्या पायांवर उलटी केली. पांढरं कापड भिजून पिवळं पडलं. कुणी तरी म्हणालं, "मास्तर, पुरे." कुपी रिकामी झाली तरी ते ती झटकत राहिले. मला बघवेना.

त्यांनी वडीलपण सोडलं. देवाने क्षमा केली आहे, असं पाळकसाहेब समजावत.

"देवानं केली असंल," मास्तर म्हणत. "पण मागितलं तिनं होतं. तिला कुठं विचारू?"

 

यंदा ते अंबाडीला मुलीच्या घरी आजारी पडले. पाळकसाहेबांबरोबर मीही गेलो. तेलाची बाटली दिसताच मास्तरांनी पांघरूण कपाळावर ओढलं.

"मला नको. माझ्या वाटचं तिला द्या."

"मास्तर, त्या प्रभूजवळ आहेत. त्यांना आता तेल लागत नाही."

"तिला लागत नसंल. माझं द्यायचं राहिलंय."

"बाबा, घ्या ना," मुलगी रडू लागली. मास्तरांनी मान हलवली. पाळकसाहेबांनी उघडी बाटली हातात धरूनच प्रार्थना केली.

मास्तर गेले तेव्हा त्यांचं कपाळ कोरडंच होतं.