वैद्याच्या भिंतीवरचा हार

रायपूरच्या बुढापारा मोहल्ल्यात माझ्या शेजारी राहणारी विनोदिनी ब्लाउज शिवते. माप घेताना बाई किती सुटली आहे हेही तोंडावर सांगते, तरी गिऱ्हाइकं तुटत नाहीत, कारण हात चांगला आहे. जीभ आधीपासूनच तिखट. तिच्या वाट्याला जाऊ नये हे आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा जाणतात. त्या वैद्याला ते कोणी सांगितलं नव्हतं.

तिच्या श्रावणीला सातव्या वर्षी रक्ताचा कॅन्सर झाला. उपचारांनी बरी झाली, शाळेत जायला लागली, आणि वर्षभरात दुखणं उलटलं. डॉक्टर म्हणाले, कठीण आहे पण आशा आहे, लगेच सुरू करू. पुन्हा त्या सुया म्हटल्यावर पोरीनं आईचा पदर धरला. "आई, मले तिथं नको नेऊ." कुठली आई घट्ट राहील? बुडत्याला काडीचा आधार, आणि काड्या विकणारे रायपुरात कमी नव्हते. छत्तीसगडची राजधानी झाल्यापासून तिथल्या समता कॉलनीत पाट्या कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवत होत्या.

त्यातल्याच एका पाटीखालचा वैद्य म्हणाला, इस्पितळाचं विष बंद करा, माझा जडीबुटीचा काढा पाजा. थोड्या दिवसांत पोरीच्या डोक्यावर केस आले. केमो थांबली म्हणून ते आले, हे आज कळतं. तेव्हा विनोदिनीनं पेढे वाटले होते. वैद्यानं लाल हेअरबँड लावलेल्या श्रावणीचा फोटो काढला.

दिवाळीआधी पोरगी गेली. नवऱ्यानं, नरहरनं, घरातल्या फोटोला चंदनाचा हार आणला, तो विनोदिनीनं पेटीत कोंबला. घरात पोरीच्या फोटोला हार घालू दिला नाही.

मग एकदा भनपुरीची एक गिऱ्हाईक बाई आली. तिला काहीच माहीत नव्हतं. कौतुकानं म्हणाली, "वैद्याच्या भिंतीवर तुमच्या पोट्टीचा फोटो पाहिला ना! बरी झाली म्हणून लिवलं आहे. आम्हीबी भाच्याले नेऊन राहिलो तिथं."

विनोदिनीनं कात्री खाली ठेवली. नरहर म्हणाला, पोलिसात जाऊ.

"तुम्ही जा पोलिसात," ती म्हणाली. "मी हार आणाले जातो." मग माझ्याकडे वळली. "रमाताई, चला माझ्यासंगं."

वैद्याच्या दवाखान्यात आईबाप मुलांना मांडीवर घेऊन बसले होते. समोर बऱ्या झालेल्या मुलांचे फोटो. विनोदिनी स्टुलावर चढली, श्रावणीच्या फोटोला झेंडूचा हार घातला, कुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली. हार घातलेल्या फोटोचा अर्थ सांगावा लागत नाही. वैद्याच्या माणसानं हार फेकला. दुसऱ्या दिवशी आम्ही नवा घेऊन हजर. मग हे रोजचंच झालं.

एका सकाळी टक्कल पडलेल्या मुलाला घेऊन बसलेल्या बाईनं हळूच विचारलं, "दीदी, ये बच्ची आपकी?"

"मेरी. यहीं का काढ़ा पीती थी. तू अस्पताल जा, बहन."

बाई उठली. पोराला कडेवर घेऊन थेट रिक्षात बसली. तिच्यामागे आणखी एक जोडपं उठलं.

वैद्य आतून धावत आला. "बहनजी, मेरा धंधा क्यों बिगाड़ रही हो?"

"ऐकलं, रमाताई?" विनोदिनी म्हणाली. "धंदा म्हणते तो. दवा नाही म्हणत."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. त्याची पाटी त्याच्याच डोक्यावर पडावी असंही वाटलं. त्यानं हारासकट फोटो ओढून काढला आणि तिच्या हातात कोंबला. "ले जाओ इसे. अब मत आना."

विनोदिनी फोटो छातीशी धरून घरापर्यंत चालत आली. मला वाटलं, संपलं एकदाचं. उंबऱ्याशी ती थांबली. हार काढला, पदरानं कुंकू पुसलं आणि मगच लेकीला आत नेलं. तेव्हा मात्र ती रडली, भिंतीला डोकं टेकून, मोठ्यानं. मी हार उचलून तळ्यात सोडायला निघाले.

"कुठं नेता तो?" तिनं आतून विचारलं. "राहू द्या. खिळा आहे ना अजून त्याच्या भिंतीले. उद्या त्या खिळ्याले घालू."